विश्लेषण : ‘अंगणवाडी’ आली कुठून? ताराबाई मोडकांनी शाळाच मुलांच्या दारी का नेली?

देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. नाव घेतले की वजनकाटा, खिचडी, लसीकरणाचा दिवस, पोषण आहाराची पाकिटे आणि रजिस्टरांचा ढीग डोळ्यांसमोर येतो. अंगणवाडी ही सरकारी योजना आहे आणि ती दिल्लीत कुठल्या तरी मंत्रालयात जन्मली असावी, असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ही कल्पना आकाराला आली ती तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात. तिच्यामागे होत्या पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई मोडक. सहा वर्षांखालच्या गरीब मुलाला शिक्षण मिळाले पाहिजे, हे त्यांनी सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी करून दाखवले. मात्र त्यांच्या प्रयोगातले जे सर्वांत मोलाचे होते, ते सरकारी योजनेत कितपत उतरले, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.

ताराबाई कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलींनी शिकावे, चारचौघांत बोलावे, यासाठी घरात भांडावे लागले नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेतलेल्या मराठी मुली मोजक्याच होत्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या प्रभाला घेऊन बाहेर पडल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळे राहणारी, पदरी मूल असलेली आणि स्वतःच्या कमाईवर जगणारी बाई समाजाच्या डोळ्यांत किती खुपत असेल, हे सांगायला नको. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्याच जीवनावर बेतलेले आहे. अनेक मराठी प्रेक्षकांना ताराबाई ठाऊक झाल्या त्या या नाटकामुळे. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग या घरगुती कहाणीच्या नंतर सुरू होतो.

राजकोटची चांगली नोकरी का सोडली?

अमरावती सोडल्यावर ताराबाई काठेवाडात, राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार होत. या कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पद मानाचे, पगार बांधलेला, राहण्याची सोय नीट. एकट्या बाईने तिथेच आयुष्य काढले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते.

त्याच काळात भावनगरात गिजुभाई बधेका यांचा प्रयोग गाजू लागला होता. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला शाळेत कसे घालायचे या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची पुस्तके त्यांच्या हाती पडली. वकिली सोडून १९१६ मध्ये ते नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केले. लहान मुलांवरच्या मायेमुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

१९२३ मध्ये ताराबाई राजकोट सोडून या बालमंदिरात आल्या. प्राचार्यपदावरून थेट अडीच-तीन वर्षांच्या मुलांत येऊन बसणे ही व्यवहाराच्या भाषेत घसरणच होती. आजही शिक्षण क्षेत्रात प्राध्यापकाला मान असतो आणि बालवाडीच्या बाईंना नसतो. ताराबाईंनी ही उतरंड ऐन उमेदीच्या वयात उलटी केली.

भावनगरात नेमके काय वेगळे होते?

तेव्हाची शाळा म्हणजे पाढे, घोकंपट्टी आणि छडी. त्यातही शाळा सुरू व्हायची सहाव्या-सातव्या वर्षी. त्याआधीचे मूल म्हणजे नुसते खेळणारे, रडणारे, सांभाळायचे पोर. त्याला शिकवण्यासारखे काही असते, हेच मान्य नव्हते.

दक्षिणामूर्तीत शिक्षा नव्हती, बक्षिसेही नव्हती. मूल स्वतः साधन निवडे, हवा तितका वेळ त्याच्याशी खेळे आणि पुन्हा जागेवर ठेवी. लहानमोठे दट्टे खाचेत बसवताना त्याला आकार कळे. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवताना हाताला वळण लागे. जोडीला गिजुभाईंच्या गोष्टी, गाणी, नाटुकली, बागकाम, सहली. मुलांची बोलण्याची भाषा घरची गुजराती. माँटेसरी पद्धतीचा सांगाडा तोच ठेवून त्यात काठेवाडी मातीतले रंग भरले गेले.

ताराबाई इथे सुमारे नऊ वर्षे होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षकांचे प्रशिक्षण, अधिवेशने, पुस्तके ही कामे संघाने अंगावर घेतली. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक आधी गुजरातीत आणि पुढे मराठीत निघाले. मराठी पत्रिकेचा भार ताराबाईंनी वाहिला. मुलांचा हट्ट, शिस्त, आईबापांच्या चुका यांवर त्यांनी साध्या भाषेत पुष्कळ लिहिले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. मूल हट्टी का होते, याचे उत्तर त्या बहुधा मुलात न शोधता मोठ्यांच्या वागण्यात शोधत. आजच्या पालकत्वाच्या व्हिडीओंत जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे मराठीत नव्वद वर्षांपूर्वी छापून झालेले आहे.

मग अडचण कुठे होती?

१९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाईंच्या पुढाकाराने शिशुविहार उभे राहिले. मराठी मध्यमवर्गाने ते उचलून धरले. बालमंदिरासोबत शिक्षिकांना तयार करणारे वर्गही तिथे चालले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि संघाची बरीचशी जबाबदारी ताराबाईंच्या खांद्यावर आली. त्याच वर्षी खुद्द माँटेसरी भारतात आल्या. युद्धामुळे त्यांना काही वर्षे इथेच राहावे लागले आणि मद्रासजवळच्या अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. थोडक्यात, या पद्धतीचा देशात बोलबाला होता.

पण ती परवडत होती कोणाला? साधने खास लाकडाची, मापात घडवलेली आणि महाग. शिक्षिका प्रशिक्षित हवी. खोल्या हवेशीर, फर्निचर मुलांच्या उंचीचे. फी भरू शकणाऱ्यांच्याच वस्तीत हे सारे शक्य होते. यातला विरोधाभास असा, की माँटेसरींनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत काढले होते. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धत समुद्र ओलांडून आली आणि भारतात सुखवस्तू घरांची होऊन बसली. ‘माँटेसरी’ हा शब्द आजही आपल्या शहरांत कोणत्या पाट्यांवर दिसतो, ते पाहिले की हे लगेच ध्यानात येते.

साधनांत मनमानी फेरफार करू नयेत, असा त्या परंपरेतल्या अनेकांचा आग्रह होता. त्याला शास्त्रीय कारणेही होती. ताराबाईंपुढचा प्रश्न मात्र निराळा होता. साधने शुद्ध ठेवायची आणि देशातली बहुतेक मुले बाहेर ठेवायची, की साधने बदलायची आणि मुलांना आत घ्यायचे?

दादरहून बोर्डीला जाण्याचे कारण काय?

महात्मा गांधींनी १९३७ मध्ये मांडलेली नई तालीम सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी तिची व्याप्ती वाढवली. शिक्षण जन्मापासून मरणापर्यंतचे असावे, अशी मांडणी पुढे आली आणि १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर ‘पूर्व बुनियादी’ म्हणजे सात वर्षांआधीच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली. खेड्यातल्या लहान मुलांसाठी स्वस्त आणि तरीही शास्त्रशुद्ध बालशिक्षण कसे असेल, याचे उत्तर कोणाजवळ तयार नव्हते. ताराबाईंनी ते शोधायचे ठरवले.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि आजूबाजूला वारली व इतर आदिवासींचे पाडे. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तिथे आधीपासून काम करीत असल्याने गावाला शिक्षणाची ओळख होती.

याच सुमारास त्यांना अनुताई वाघ भेटल्या. मोरगावात जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविका शिबिर होते, तिथे ताराबाईंशी त्यांची गाठ पडली. खेड्यात काम करायला कोणी येता का, या विचारणेला अनुताई तयार झाल्या. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. विचार, आखणी आणि वादविवाद ताराबाईंचे, तर पाड्यापाड्यांवरची पायपीट बव्हंशी अनुताईंची, अशी ही जोडी पुढची जवळजवळ तीन दशके टिकली. ताराबाईंचे चरित्र अनुताईंना वगळून लिहिताच येत नाही.

शाळा अंगणात कशी गेली?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती मुले येत नव्हती. जरा बऱ्या घरची मुले आली. हरिजन वस्तीतली आणि पाड्यावरची मुले लांबच राहिली.

आळस किंवा अडाणीपणा म्हणून या गोष्टीची बोळवण करता आली असती. अनेक शाळा आजही तेच करतात. ताराबाई आणि अनुताई यांनी मुले का येत नाहीत हे वस्तीत जाऊन पाहिले. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. चार वर्षांच्या मुलाला वेळेवर उठवून, तोंड धुऊन, लांबच्या बालवाडीत पोहोचवणार कोण? अंगावर धड कपडा नाही. दुसऱ्या जातीच्या मुलांत बसायची भीती. आणि ‘शाळेच्या बाई’ या प्राण्याचाच धाक.

मूल बालवाडीपर्यंत येऊ शकत नसेल, तर बालवाडीने मुलापर्यंत जावे, असा तोडगा निघाला. त्यातून दोन प्रकार पडले. एक मध्यवर्ती बालवाडी. तिची जागा ठरलेली, वेळ शाळेसारखी, साधने थोडी अधिक. दुसरी अंगणातली बालवाडी. ती एखाद्या घराच्या अंगणात, झाडाखाली किंवा पडवीत भरे. वेळ मुलांच्या आणि घरच्यांच्या सोयीची. जवळपासच्या घरांतली मुले आपोआप गोळा होत. या दुसऱ्या प्रकारालाच अंगणवाडी हे नाव पडले.

यात एक बारीक पण मोठी गोष्ट घडली. बालवाडी परक्या इमारतीत असते, तेव्हा आईला ती दिसत नाही. अंगणात भरली की आई, आजी, शेजारीण चुलीपाशी बसूनही सारे पाहते. मुलांना गाणी म्हणताना ऐकते. नखे कापलेली, केस विंचरलेले पाहते. आईचे शिक्षण आपोआप होते, त्यासाठी वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

दिवसाची सुरुवात धुण्यापुसण्याने होई. हातपाय धुवायचे, नाक पुसायचे, खरूज असेल तर औषध लावायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनांचा प्रश्न ताराबाईंनी परिसरातूनच सोडवला. समुद्रकाठी शिंपले हवे तितके. चिंचोके, बिया, खडे, पाने, फुले, बांबूच्या कांड्या, माती. शिंपले लहानमोठे लावायचे, म्हणजे क्रम कळतो. पाने आकारांप्रमाणे निवडायची, म्हणजे वर्गीकरण कळते. चिंचोके मोजायचे. मातीत बोटाने अक्षर गिरवायचे. माँटेसरींच्या लाकडी साधनामागचे तत्त्व तेच राहिले, फक्त वस्तू बदलल्या. तत्त्व पक्के समजले असल्याशिवाय असा बदल करता येत नाही. शिंपले वाटणे सोपे असते. त्या शिंपल्यांनी नेमके काय शिकवायचे, हे कळलेली बाई तयार करणे अवघड असते.

म्हणूनच ताराबाईंनी प्रशिक्षणाचा हट्ट कधी सोडला नाही. स्थानिक, कमी शिकलेल्या बायकाही बालशिक्षिका होऊ शकतात, पण त्यांना नीट तयार करावे लागते, ही त्यांची भूमिका होती. बालवाडी स्वस्त करायची ती साधनांत आणि इमारतीत. शिक्षिकेच्या तयारीत काटकसर नाही.

कोसबाडच्या टेकडीवर काय घडले?

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून काही किलोमीटर आत, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाईंचे वय तेव्हा ६५. आता काम पूर्णपणे आदिवासी मुलांत होते.

इथे बोर्डीत न दिसलेली एक गोष्ट ठळक झाली. बालवाडीत मूल येते, पण थोडे मोठे झाले की शाळेतून गळते. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते. त्याच वयाचा मुलगा गुरांमागे जातो. तिला शाळेत बोलवायचे, तर कडेवरच्या पोराचे काय? त्याला बोलवायचे, तर गुरे कोण राखणार? घरच्या अर्थकारणात या मुलांचे काम मोजलेले असे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण शाळेत बसे, मधला बालवाडीत, तान्हे पाळणाघरात. तिन्ही एकत्र ठेवल्याने बहिणीला मध्येच उठून बाळाकडे पाहता येई आणि शाळाही सुटत नसे. बालसंगोपन आणि शिक्षण वेगळे करता येत नाही, हे तत्त्व आज धोरणांच्या मसुद्यांत मोठ्या शब्दांत असते. कोसबाडला ते एका मुलीच्या कडेवरचे ओझे उतरवताना सापडले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुरणशाळा. गुराखी मुले शाळेत येत नाहीत, तर शिक्षकानेच कुरणात जायचे. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग. फळा, पुस्तके शिक्षकाने बरोबर न्यायची. धडे आसपासचेच. ज्यांना दिवसा जमत नाही, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा.

या सगळ्याचा गाजावाजा हळूहळू झाला. १९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. पण विधानसभेतली ताराबाई कोणाच्या लक्षात राहिली नाही आणि त्यांनाही ती फारशी महत्त्वाची वाटली असावी, असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून वाटत नाही.

या कामावर आक्षेप काय घेता येतो?

बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच १९४५ मध्ये, त्याच टापूत, वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगड्याची पद्धत मोडून काढण्यासाठी हजारो आदिवासी उभे राहिले. जमीनदार आणि गवताचे ठेकेदार एका बाजूला, वारली दुसऱ्या बाजूला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली.

ताराबाईंचे काम या लढ्याच्या शेजारी उभे केले, तर फार सौम्य दिसते. मूल का येत नाही, हे त्यांनी शोधले. पण आईबाप पहाटेच दुसऱ्याच्या शेतावर का राबतात, या प्रश्नाला अंगणवाडीत उत्तर नव्हते. शिवाय शहरी, पांढरपेशा घरातून आलेल्या या बायकांच्या नजरेत स्वच्छतेला जे स्थान होते, त्यात थोडी सुधारकी वरचढ वृत्तीही होती. आदिवासीला आपण काही शिकवायला आलो आहोत, ही भावना त्या पिढीतल्या बहुतेक समाजसेवकांत दिसते. त्या तुलनेत या दोघींची जमेची बाजू ही, की पाड्यावर आपली योजना फसली तेव्हा त्यांनी पाड्याला दोष दिला नाही. त्यांनी योजना बदलली आणि पुन्हा फसली तेव्हा पुन्हा बदलली.

सरकारने यातले काय घेतले?

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी मुंबईत वारल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. मराठी अंगणातला हा शब्द त्यानंतर काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या प्रकल्पांत मेळघाटातली धारणी होती. ती अमरावती जिल्ह्यात येते. साठ वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात ताराबाई सून म्हणून आल्या होत्या.

योजनेत सहा सेवा ठरल्या : पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठवणी, आरोग्य आणि आहाराचे शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. कुपोषणाने मुले दगावणाऱ्या देशात पोषणाला अग्रक्रम मिळणे योग्यच होते. त्यामुळे किती जीव वाचले, हे विसरता येत नाही. पण व्यवहारात शाळापूर्व शिक्षण मागे पडत गेले. आहार वाटला की नोंद होते, वजन केले की तक्ता भरतो. मुलाला गोष्ट सांगितली, तर ती कोणत्या रकान्यात लिहायची?

सरकारने शब्द घेतला, स्थानिक बाई घेतली, कमी खर्च घेतला. शिक्षिकेची सखोल तयारी मात्र त्या प्रमाणात घेतली नाही. तिला सेविका म्हटले आणि पगाराऐवजी मानधन दिले. त्याच सेविकेकडे सर्वेक्षण, निवडणुकीची कामे, आणि आता मोबाइलवरच्या नोंदीही आल्या. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अनेक सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत केले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात मानधनवाढ आणि इतर मागण्यांसाठी राज्यात दीर्घ संप झाला. अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे मान्य व्हायलासुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

कायदा काय म्हणतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्या मुलांचा उल्लेख अनुच्छेद ४५ मध्ये गेला. राज्याने त्यांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा प्रयत्न करावा, असे ते मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक तत्त्वासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, हा दोन्हींतला फरक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकते, एवढीच तरतूद आहे. करायलाच हवी, अशी नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रथमच तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडीची तीन वर्षे शालेय रचनेत मोजली. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांपर्यंत होते, हे कारण त्यात दिले आहे. अंगणवाडी सेविकांना बालशिक्षणाचे प्रशिक्षण देण्याची योजनाही त्यात आहे. धोरण म्हणजे मात्र कायदा नव्हे.

दरम्यान, ज्यांना परवडते त्यांची मुले अडीच वर्षांची होताच नर्सरीत जातात. गल्लोगल्ली निघालेल्या या वर्गांत तीन वर्षांच्या मुलाला लिहायला लावणे, गृहपाठ देणे सर्रास चालते. याच गोष्टींविरुद्ध ‘शिक्षण पत्रिके’ची पाने भरली होती.

कोसबाडला ताराबाईंच्या पश्चात अनुताई थांबल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी तिथल्या कामाची हकिकत लिहून ठेवली आहे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे कोसबाडलाच निधन झाले.